तरणतलावातील डाग : आधी निदान, मग उपचार

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की गृहसंकुलांतील तरणतलावांच्या साफसफाईची लगबग सुरू होते. पाणी निवळशंख होते आणि नेमके तेव्हाच तळावरचे तपकिरी, निळसर किंवा काळपट डाग डोळ्यांत खुपू लागतात. मग कार्यकारिणीची बैठक बसते, कंत्राटदाराला पाचारण केले जाते आणि बहुतेक वेळा एकच तोडगा पुढे येतो : तलाव रिकामा करा आणि अ‍ॅसिडने धुऊन काढा. तोडगा झटपट असतो, कामगार दोन दिवसांत तळ पांढराशुभ्र करून देतात. परंतु डाग कशाचा आहे हे न पाहता केलेला हा इलाज पुष्कळदा रोगापेक्षा भयंकर ठरतो.

१५ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल अशा मध्यम आकाराच्या तलावात सुमारे १ लाख २६ हजार लिटर पाणी मावते. ऐन एप्रिल-मे महिन्यांत ते गटारात सोडायचे आणि दहा हजार लिटरचे तेरा टँकर मागवून तलाव पुन्हा भरायचा, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करून पाहावा. त्यातही टँकरचे पाणी लोहयुक्त असेल, तर काही आठवड्यांत डाग पुन्हा हजर होतात.

गिलावा डाग का धरतो?

तरणतलावाचा पारंपरिक गिलावा पांढरे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी किंवा गारगोटीची बारीक वाळू यांचा असतो. साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीचा हा थर काँक्रीटवर चढविला जातो. अमेरिकेत घरोघरीच्या तलावांना असाच गिलावा सर्रास असतो. आपल्याकडे टाइल्सची पद्धत अधिक रूढ असली, तरी टाइल्सच्या सांध्यांतील भरण पुष्कळदा सिमेंटचेच असते आणि फार्महाऊसच्या तलावांत गिलावाही आढळतो. सिमेंट सच्छिद्र आणि अल्कधर्मी असते. पाण्यात विरघळलेले धातू अल्कधर्मी पृष्ठभागाशी आले की तेथे साका धरून बसतात आणि छिद्रांमुळे घट्ट रुततात. म्हणूनच नुसत्या घासण्याने असे डाग जात नाहीत.

डागांची कुळे मुख्यतः चार. पहिले सेंद्रिय, म्हणजे पाने, फुले, शेवाळ यांचे. दुसरे धातूंचे, त्यांत लोह, तांबे आणि मँगेनीज हे प्रमुख गुन्हेगार. तिसरे क्षारांचे, म्हणजे कॅल्शियमच्या पांढऱ्या-करड्या खरपुडीचे. चौथे खुद्द बांधकामातले : आतली गंजणारी सळई किंवा गिलावा करताना राहिलेला दोष.

डाग कुठे आहे, ते आधी पाहा

निम्मे निदान डागाच्या जागेवरून होते. झाडाखालच्या बाजूला चहाच्या रंगाचे, पानाच्या आकाराचे ठसे असतील तर ते सेंद्रिय. पाणी आत येण्याच्या तोंडापासून पसरत गेलेला पिवळट-तपकिरी पट्टा लोहाकडे बोट दाखवितो. निळसर-हिरवट झाक असेल तर तांब्याचा संशय घ्यावा. शेवाळ मारण्यासाठी टाकलेले मोरचूद किंवा आम्लधर्मी पाण्याने झिजणारी पाणी तापविण्याच्या यंत्रातील तांब्याची नळी, ही त्याची नेहमीची कारणे. जांभळट-काळी छटा मँगेनीजची असू शकते आणि ते बहुधा बोअरच्या पाण्यातून येते. पाण्याच्या पातळीलगतची पांढरी खरबरीत कड क्षारांची असते. काळे, किंचित उंचवट्याचे ठिपके घासल्यावर वरून सुटत असतील, पण त्याच जागी पुन्हा उगवत असतील, तर ते हट्टी काळे शेवाळ समजावे.

एकच गोल, गंजाच्या रंगाचा ठिपका मात्र निराळा. कधी तो पाण्यात पडलेल्या केसांच्या पिनेचा असतो. पण पुसूनही तेथेच परत येत असेल आणि भोवती बारीक तडा दिसत असेल, तर आतली सळई गंजू लागल्याचा तो इशारा होय. गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. अशा जागी रसायने ओतणे म्हणजे ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर पावडर लावण्यासारखे आहे. तेथे अभियंत्याला दाखवून खराब भाग फोडणे, सळईचा बंदोबस्त करणे आणि ठिगळ भरणे हाच मार्ग.

दोन-तीन साध्या चाचण्या

उरलेले निदान घरगुती चाचण्यांनी होते. पंप बंद करून, पाणी स्थिर झाल्यावर डागावर कॅल्शियम हायपोक्लोराइटचे थोडे दाणे सोडावेत. काही मिनिटांत डाग फिका पडला तर तो सेंद्रिय आहे. फरक पडला नाही तर दुसऱ्या डागावर ‘क’ जीवनसत्त्वाची साधी पांढरी गोळी मिनिटभर दाबून धरावी. डाग उतरला की तो बहुधा लोहाचा. पाण्यात न विरघळणाऱ्या लोहाच्या रूपाचे विरघळणाऱ्या रूपात परिवर्तन करण्याचा गुण या जीवनसत्त्वात आहे. एवढ्याने डाग हलला नाही, तर सायट्रिक आम्लाची, म्हणजे लिंबाच्या फुलांची, पुरचुंडी मोज्यात बांधून डागावर ठेवून पाहावी. तांब्याचे डाग तिला अधिक दाद देतात. टाइलवरील खरपुडीवर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर बुडबुडे आले तर ती कॅल्शियमची.

एक पथ्य अवश्य पाळावे. क्लोरीनची चाचणी आणि आम्लाची चाचणी कधीही एकाच जागी, लागोपाठ करू नये. क्लोरीनयुक्त पदार्थ आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

निदानानुसार उपचार

सेंद्रिय डागांना क्लोरीनची मात्रा वाढविणे आणि ब्रशने घासणे पुरेसे होते. काळ्या शेवाळाला मात्र आधी खरवडून त्याचे वरचे कवच फोडावे लागते, मगच क्लोरीन आत पोचतो. गिलाव्यासाठी नायलॉनचा किंवा न गंजणाऱ्या पोलादाचा ब्रश घ्यावा. साध्या लोखंडी तारांचा ब्रश वापरला तर तुटलेल्या तारा गंजून नवे डाग देतात.

लोहाचे डाग सर्वत्र पसरले असतील तर ‘क’ जीवनसत्त्वाची भुकटी, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, पाण्यातच सोडतात. अंदाजे प्रमाण हजार लिटरला १२ ग्रॅम. वरच्या उदाहरणातील तलावाला दीड किलो. क्लोरीन या जीवनसत्त्वाचा नाश करतो, म्हणून आधी त्याची पातळी शून्याजवळ आणावी लागते. उन्हाने ती हळूहळू उतरते, नाही तर छायाचित्रणात वापरला जाणारा ‘हायपो’, अर्थात सोडियम थायोसल्फेट, वापरतात. या काळात पाणी निर्जंतुक नसते, तेव्हा तलाव पोहण्यास बंद ठेवणे अत्यावश्यक आहे.

डाग गेला म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. लोह तलावातून गेलेले नसते, ते केवळ पाण्यात उतरलेले असते. लगेच भरपूर क्लोरीन टाकला तर ते पुन्हा तळावर बसते. म्हणून धातूंना धरून ठेवणारे रसायन आधी घालावे, पाणी फिरते ठेवावे, सामू तपासावा आणि मग क्लोरीन बेताबेताने वाढवावा. पुष्कळांची फसगत होते ती या टप्प्यावर.

सौम्य उपाय थकल्यावरच हायड्रोक्लोरिक आम्लाचा विचार करावा. हे आम्ल डागाबरोबर गिलाव्याचा पातळ थरही विरघळविते. पृष्ठभाग खडबडीत होतो, त्यात शेवाळ आणि मळ अधिक सहज रुजतो आणि पुढचा डाग लवकर येतो. काम प्रशिक्षित माणसांनी हातमोजे, चष्मा आणि श्वसनरक्षक मुखवटा वापरूनच करावे. आम्ल नेहमी पाण्यात घालावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. पावसाळ्यात तर तलाव रिकामा करण्याचे टाळावेच. भूजल वर आलेले असताना खालून येणाऱ्या दाबाने रिकामे हौद उचलले जाऊन तडकू शकतात.

डाग पडूच नयेत म्हणून

पाण्याचा समतोल हेच खरे औषध. सामू ७.२ ते ७.६, मुक्त क्लोरीन दशलक्ष भागांत १ ते ३, अल्कता ८० ते १२० आणि कॅल्शियमची कठीणता २०० ते ४०० या मर्यादा सर्वसाधारणपणे पाळल्या जातात. पाणी सिमेंटमधील चुना विरघळविणार की त्यावर क्षार साठविणार, हे सांगणारा निर्देशांक अमेरिकेतील विल्फ्रेड लँगेलिअर यांनी १९३६ साली मांडला. तो आजही वापरला जातो. धरणाचे मृदू पाणी सिमेंट खाते, तर बोअरचे कठीण पाणी खरपुडी चढविते. म्हणून टँकर बदलला की पाण्याची, विशेषतः लोहाची, तपासणी करून घ्यावी. क्लोरीनच्या गोळ्या थेट तळावर टाकू नयेत आणि मोरचुदाचा मोह आवरावा.

पुढच्या बैठकीत कंत्राटदाराने अ‍ॅसिडचा प्रस्ताव ठेवला, तर सभासदांनी त्याला एकच प्रश्न विचारावा : हा डाग कशाचा आहे? उत्तर मिळेपर्यंत तलाव रिकामा करण्याची घाई करू नये. ‘क’ जीवनसत्त्वाच्या एका गोळीची किंमत तेरा टँकरपेक्षा केव्हाही कमीच असते.