एकदाच उघडणारी लिंक, आपल्याच सर्व्हरवरून

कर सल्लागाराच्या कार्यालयातून निरोप येतो, ‘जीएसटी पोर्टलचा पासवर्ड पाठवा.’ दुकानदार तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, विवरणपत्र भरले जाते, काम संपते. पासवर्ड मात्र तिथेच राहतो. दोघांच्या फोनमध्ये राहतो, कार्यालयातल्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडे असेल तर तिथे दिसतो, आणि रात्री बॅकअप झाला की त्याची आणखी एक प्रत क्लाउडवर चढते. संदेश वाटेत कोणाला वाचता येत नाही, हे खरे. पण बॅकअपलाही तसेच कुलूप लावण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपने 2021 मध्ये आणली आणि ती ज्याची त्याने सुरू करावी लागते. ईमेलची गत याहून वाईट. एखाद्या चोराच्या हाती इनबॉक्स लागला, की ‘पासवर्ड’ हा शब्द शोधायला त्याला दोन सेकंद पुरतात.

मोठ्या कंपन्यांतही हेच घडते, फक्त नुकसानीचा आकडा मोठा असतो. 2016 मध्ये हल्लेखोर उबरच्या गिटहबवरच्या खासगी कोडसाठ्यात शिरले. तिथे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची किल्ली साध्या मजकुरात पडलेली होती. ती उचलून त्यांनी जगभरातल्या सुमारे 5 कोटी 70 लाख प्रवाशांची आणि चालकांची माहिती उतरवून घेतली. कंपनीने हे जाहीर केले ते थेट नोव्हेंबर 2017 मध्ये. किल्ली फोडावी लागली नाही. ती नको त्या जागी, नको तितका काळ लिहून ठेवलेली होती.

गुपित पाठवावे, पण त्याची प्रत मागे उरू नये, एवढ्या एका गरजेपोटी सॉफ्टवेअरचा एक छोटा वर्ग तयार झाला आहे. वनटाइमसीक्रेट, पासवर्ड पुशर, योपास आणि प्रायव्हेटबिन ही त्यातली ठळक नावे. चौघांचीही पद्धत साधारण सारखी आहे. पासवर्ड एका पानावर लिहायचा, तो किती वेळ टिकावा हे ठरवायचे, आणि मिळालेली लिंक समोरच्याला पाठवायची. त्याने ती उघडली की मजकूर एकदा दिसतो आणि सर्व्हरवरून पुसला जातो. गप्पांत उरते ती मेलेली लिंक. ही चारही सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहेत आणि स्वतःच्या यंत्रावर बसवता येतात.

यातले प्रायव्हेटबिन तपशिलात पाहण्यासारखे आहे. सेबास्तियाँ सोवाज या फ्रेंच प्रोग्रामरने 2012 मध्ये झिरोबिन लिहिले. पुढे इतरांनी त्याचा कोड हाती घेऊन वाढवला आणि 2016 पासून तो प्रायव्हेटबिन या नावाने चालतो. त्याची खरी करामत लिंकमध्ये आहे. वेबपत्त्यात ‘हॅश’चे चिन्ह आले, तर त्याच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवत नाही, स्वतःपाशीच ठेवतो. वेबचा हा जुना नियम आहे. लांबलचक पानातल्या एखाद्या ठरावीक परिच्छेदावर थेट उडी मारण्यासाठी तो केलेला होता. झिरोबिनने त्याचा वेगळाच उपयोग केला. मजकूर लिहिणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच 256 बिटांची किल्ली तयार होते, एईएस पद्धतीने मजकूर तिथल्या तिथे कुलूपबंद होतो, आणि सर्व्हरकडे जातो तो फक्त हा कुलूपबंद गठ्ठा. किल्ली हॅशच्या पुढे लिंकमध्ये बसते. ज्याच्याकडे पूर्ण लिंक, त्याच्याच ब्राउझरमध्ये मजकूर उलगडतो. सर्व्हर चालवणाऱ्याने उद्या आपल्या डिस्कचा कोपरा न् कोपरा धुंडाळला तरी त्याला अर्थहीन अक्षरेच दिसतील.

वनटाइमसीक्रेट आणि पासवर्ड पुशर यांची मूळ रचना वेगळी: तिथे कुलूप सर्व्हर लावतो, त्यामुळे सर्व्हरला किल्ली ठाऊक असते. योपास मात्र प्रायव्हेटबिनप्रमाणेच ब्राउझरमध्ये कुलूप लावते.

मग दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणारे प्रायव्हेटबिन वापरले तर काय बिघडले? बिघडते ते असे. कुलूप लावणारा कोड, म्हणजे जावास्क्रिप्ट, दर वेळी त्या सर्व्हरवरूनच येतो. सर्व्हरच्या मालकाने किंवा तिथे घुसलेल्या चोराने त्या कोडमध्ये एक ओळ वाढवली, तर किल्ली गुपचूप बाहेर जाऊ शकते आणि पान वापरणाऱ्याला काहीच वेगळे दिसत नाही. प्रायव्हेटबिनचे कर्तेही हे उघडपणे सांगतात. म्हणजे गणित कितीही पक्के असले तरी पान पुरवणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागतो, आणि ते पान स्वतः पुरवणे हाच त्यावरचा सरळ उपाय आहे. दुसरे कारण टिकाऊपणाचे. मोझिलाची फायरफॉक्स सेंड ही फाइली पाठवण्याची सेवा याच हॅशच्या युक्तीवर चालत होती. 2019 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. घातक सॉफ्टवेअर पसरवायला तिचा वापर होऊ लागला. जुलै 2020 मध्ये ती थांबवली गेली आणि सप्टेंबरमध्ये कायमची बंद झाली. तिच्यावर विसंबलेल्यांना नवी सोय शोधावी लागली.

पूर्वी असे काही स्वतः बसवायचे म्हटले की माणूस दमून जाई. पीएचपीची ठरावीक आवृत्ती हवी, तिची अमुक विस्तारके हवीत, वेब सर्व्हरची मांडणी हवी, आणि हे सगळे जुळले की त्याच यंत्रावरचे दुसरे एखादे सॉफ्टवेअर रुसणार. कंटेनरने ही कटकट संपवली. प्रोग्राम, त्याला लागणारी ग्रंथालये, वेब सर्व्हर, मांडणीच्या फाइली असे सगळे एका ‘इमेज’मध्ये आधीच बांधलेले मिळते. यंत्रावर ती इमेज चालू केली की तिची फाइलव्यवस्था, तिच्या प्रक्रिया आणि तिचे नेटवर्क बाकीच्या यंत्रापासून वेगळे राहते. लिनक्सच्या गाभ्यात यासाठीची साधने 2000च्या दशकातच तयार झाली होती. मार्च 2013 मध्ये सोलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेत पाच मिनिटांच्या छोटेखानी भाषणात डॉकर हे कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर दाखवले आणि सामान्य प्रोग्रामरच्या हाती ती साधने आली.

सुरुवातीला यंत्र हवे. एक जीबी मेमरीचा भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर पुरतो, कारण खरे काम ब्राउझर करतो आणि सर्व्हरवर पडतात त्या लहान लहान फाइली. घरचा रास्पबेरी पाय सुद्धा चालतो, पण भारतात घरगुती ब्रॉडबँडला अनेकदा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळतच नाही. सेवा पुरवणारी कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. बाहेरून घरच्या यंत्रापर्यंत पोचायचा रस्ताच नसतो. त्यामुळे पहिल्यांदा बसवणाऱ्याने भाड्याचा सर्व्हर घ्यावा हे बरे. सोबत एक डोमेन नाव घ्यायचे आणि ते त्या सर्व्हरच्या पत्त्याकडे वळवायचे.

डॉकर बसवल्यावर सगळी रचना डॉकर कंपोजच्या एका फाइलीत लिहायची. त्यात दोन सेवा पुरतात. पहिली प्रायव्हेटबिनची अधिकृत इमेज, जिच्यात एनजिनएक्स आणि पीएचपी दोन्ही अल्पाइन लिनक्सवर बसवलेले असतात. दुसरी कॅडी, म्हणजे बाहेरून येणारी प्रत्येक विनंती आधी झेलणारा वेब सर्व्हर. प्रायव्हेटबिनची इमेज आतल्या आत 8080 क्रमांकाच्या पोर्टवर ऐकते. कॅडीच्या फाइलीत डोमेनचे नाव आणि ‘येणारे सगळे प्रायव्हेटबिनच्या 8080 वर पाठव’ एवढाच अर्थ असलेल्या दोन-तीन ओळी लिहाव्या लागतात. एचटीटीपीएससाठी लागणारे प्रमाणपत्र कॅडी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून आपणहून, फुकट आणते आणि मुदत संपण्याआधी नवे करून घेते.

हे प्रमाणपत्र ऐच्छिक नाही. ब्राउझरमधली कूटलेखनाची साधने सुरक्षित जोडणी असल्याशिवाय पानाला वापरूच दिली जात नाहीत. अपवाद फक्त त्याच संगणकावरून उघडलेल्या पानाचा. घरातल्या नेटवर्कवर साध्या एचटीटीपीने प्रायव्हेटबिन उघडून पाहणाऱ्याला पान दिसते पण काम होत नाही, आणि मग तो कंटेनरमध्ये दोष शोधत बसतो. दोष कंटेनरमध्ये नसतो.

पोर्टच्या बाबतीत याहून मोठा धोका आहे आणि तो अनेक जाणत्यांच्याही लक्षात येत नाही. उबुंटूवर यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल लावून लोक निर्धास्त होतात. पण डॉकरमध्ये एखादे पोर्ट बाहेर खुले केले, की डॉकर लिनक्सच्या जाळेनियमांत स्वतःची नोंद थेट करतो आणि यूएफडब्ल्यूने घातलेली बंदी बाजूला पडते. म्हणजे फायरवॉल सांगते ‘8080 बंद’ आणि जगाला ते उघडे दिसते! कॅडी आणि प्रायव्हेटबिन एकाच कंपोज फाइलीत असतील तर ते डॉकरच्या आतल्या नेटवर्कवर एकमेकांना सेवेच्या नावाने ओळखतात. प्रायव्हेटबिनचे पोर्ट बाहेर काढायची गरजच उरत नाही. बाहेर फक्त कॅडीची 80 आणि 443 ही पोर्ट ठेवावीत.

पुढची अडचण परवानगीची. कुलूपबंद मजकूर कंटेनरच्या आत ‘एसआरव्ही’खालच्या ‘डेटा’ या फोल्डरमध्ये साठतो. कंटेनर फेकून नवा आणला तरी तो टिकावा म्हणून हे फोल्डर यंत्रावरच्या एखाद्या फोल्डरशी जोडतात. प्रायव्हेटबिनची इमेज सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणून चालत नाही. ती 65534 क्रमांकाचा वापरकर्ता आणि 82 क्रमांकाचा गट म्हणून चालते. बाहेरच्या फोल्डरची मालकी याच क्रमांकांना दिली नाही, तर लिंक तयार करताना साठवणुकीची चूक येते. वैतागून सगळ्यांना लिहिण्याची परवानगी देऊन टाकणे हा आळशी आणि वाईट उपाय. मालकी बदलायला एकच आदेश लागतो. शिवाय ही इमेज ‘फक्त वाचनीय’ स्थितीत चालवता येते, आणि तशीच चालवावी. म्हणजे पीएचपीमधल्या एखाद्या भोकातून कोणी आत आलाच, तरी त्याला प्रोग्रामच्या फाइलींत बदल करता येत नाही. ज्या धोक्यासाठी आपण स्वतःचा सर्व्हर उभा केला, म्हणजे पानाच्या कोडमध्ये छेडछाड, त्यालाच इथे आडकाठी बसते.

मांडणीच्या फाइलीतल्या दोन गोष्टींवर थांबायला हवे. प्रायव्हेटबिन एका पत्त्यावरून दर दहा सेकंदांत एकच मजकूर स्वीकारते, जेणेकरून कोणी यंत्राने मारा करू नये. पण पुढे कॅडी उभी असल्यामुळे त्याला सगळ्या विनंत्या कॅडीकडूनच आल्यासारख्या वाटतात आणि कार्यालयातल्या एकाने लिंक केली की दुसऱ्याला थांबावे लागते. मूळ पत्ता कोणत्या शीर्षकओळीतून वाचायचा हे फाइलीत सांगितले की प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट, नवा मजकूर कोणत्या पत्त्यांवरून तयार करता यावा याची यादी तिथे देता येते. कार्यालयाचा पत्ता तेवढा तिथे लिहिला, तर लिंक उघडता येते जगातल्या कोणालाही, बनवता येते फक्त आपल्या माणसांना. फायरफॉक्स सेंडला ज्या गैरवापराने गाठले त्याची वाट अशी बंद होते. फाइल जोडण्याची सोय मुळात बंद असते. पासवर्डपुरताच वापर असेल तर ती बंदच राहू द्यावी.

यानंतर वापरणाऱ्यांना शिकवायचे. ‘वाचल्यावर नष्ट’ हा पर्याय निवडायचा आणि मुदत आठवड्याऐवजी तासाची किंवा दिवसाची ठेवायची. किल्ली लिंकमध्येच असल्याने लिंक ज्याच्या हाती पडेल तो मजकूर वाचू शकतो. म्हणून महत्त्वाच्या गुपितावर वेगळा पासवर्डही लावायचा आणि तो फोनवर बोलून सांगायचा. व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप लिंकचे पूर्वदर्शन दाखवण्यासाठी ती आधीच उघडून पाहतात. नुसते पान उघडून प्रायव्हेटबिनचा मजकूर पुसला जात नाही, कारण तो दाखवण्याआधी पान वाचणाऱ्याला विचारते. आणि लिंक उघडल्यावर समोरच्याला ‘मजकूर अस्तित्वात नाही’ असे दिसले, तर मुदत संपली असेल किंवा दुसऱ्या कोणी आधी वाचले असेल. मुदत शिल्लक असताना असे झाले तर तो पासवर्ड लगेच बदलायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या मजकुरात पाठवलेला पासवर्ड कोणी तिसऱ्याने पाहिला, हे कधीच कळत नाही.

छोट्या व्यावसायिकांनाही आता हा विषय टाळता येण्यासारखा नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ग्राहकांचे आधार, पॅन आणि बँकेचे तपशील सांभाळणारे प्रत्येक कार्यालय या कायद्याचा विचार करायला बांधील आहे.

बॅकअपबद्दल नेहमीचा सल्ला इथे उलटा होतो. कंपोजची फाइल, कॅडीची आणि प्रायव्हेटबिनची मांडणी यांच्या प्रती जरूर ठेवाव्यात. डेटाच्या फोल्डरची ठेवू नये. रोज रात्री त्याची प्रत निघत राहिली, तर सकाळी वाचून नष्ट झालेला गठ्ठा बॅकअपमध्ये जिवंत राहतो, आणि त्याची किल्ली कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपमधल्या जुन्या लिंकमध्ये असतेच. दोन्ही एकत्र आले की गुपित पुन्हा वाचता येते. भाड्याच्या सर्व्हरवर कंपनी आपोआप पूर्ण डिस्कची प्रत घेत असेल, तर तेही तपासून पाहावे.

अद्ययावत ठेवण्याचे काम मात्र कोणाच्या तरी नावावर लिहून द्यावे लागते. एप्रिल 2022 मध्ये प्रायव्हेटबिनच्या 1.4.0 आवृत्तीत एक दोष दुरुस्त झाला: जोडलेल्या एसव्हीजी चित्रातून घातक स्क्रिप्ट चालवता येण्याची शक्यता होती. ज्यांनी जुनी इमेज तशीच चालू ठेवली, त्यांच्याकडे ती भेग तशीच राहिली. कंटेनरमुळे दुरुस्ती दोन आदेशांची होते. एकाने नवी इमेज उतरवायची, दुसऱ्याने कंटेनर नव्याने उभा करायचा. डेटा बाहेरच्या फोल्डरमध्ये असल्याने न वाचलेल्या लिंकही चालू राहतात. प्रकल्पाची नवी आवृत्ती आली की तिची सूचना ईमेलवर येईल अशी नोंदणी गिटहबवर करता येते, आणि बसवल्याच दिवशी ती केलेली बरी.