रोमन सैनिकाची ढाल : प्रतिकृती आणि सचोटी

नालासोपारा म्हणजेच प्राचीन शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत या बंदराचा ‘सुप्पारा’ असा उल्लेख आहे. पश्चिम भारतातील लोखंड व पोलाद तांबड्या समुद्रावरील अदुलिस बंदरात उतरत असल्याची नोंदही त्याच ग्रंथात आहे. पुढे रोमन जकातीच्या यादीतही भारतीय लोखंड आढळते. ज्या साम्राज्याशी आपल्या किनाऱ्याची अशी देवघेव होती, त्याच्या सैनिकांची चिलखते, शिरस्त्राणे व ढाली हुबेहूब घडवण्याचा छंद आज युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. डेहराडूनमधील कारागीर तर अशा प्रतिकृती घडवून परदेशी पाठवतात.

वसई-विरारच्या एखाद्या घरात, सुटीच्या दिवसांत, मुलांना हाताशी घेऊन करण्याजोगी वस्तू म्हणजे ढाल. तिचा अस्सल नमुना उपलब्ध आहे. सीरियातील दुरा-युरोपोस येथील उत्खननात तिसऱ्या शतकातील एक लाकडी ढाल सापडली. ती आता अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. उंची सुमारे 105 सेंटिमीटर, रुंदी 41. पातळ लाकडी पट्ट्यांचे तीन थर एकमेकांवर चिकटवून ती बनवली आहे. पुढचा व मागचा थर आडवा, मधला उभा. आजचे प्लायवूड याच तत्त्वावर तयार होते.

प्रथम सुताराकडून अर्धगोल साचा करून घ्यावा. त्यावर दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांचे थर फेव्हिकॉल लावून बसवावेत व सुतळीने घट्ट आवळावेत. तिन्ही थर एकाच दिशेने लावले, तर लाकूड चिरते. सुतळी घाईने सोडली, तर बाक उघडतो. निदान एक दिवस धीर धरणे आवश्यक. नंतर मध्यभागी मुठीसाठी भोक पाडून त्यावर धातूची वाटी बसवावी आणि लाल रंग द्यावा.

येथे जैन घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला चामड्याचा. रोमन कारागीर लाकडावर कापड व कातडे चढवत, सरसही जनावराच्या कातड्याचा असे. त्याऐवजी मांजरपाट वापरता येतो. मजबुतीत फारसे उणे पडत नाही. दुसरा प्रश्न शस्त्राचा. शस्त्रांचा व्यापार श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांपैकी विषवाणिज्यात गणला जातो. मग ढालीसोबत तलवार कशी करावी? त्याचे उत्तर रोमन ग्रंथकार व्हेजिटियस देतो. नवशिक्या सैनिकांना लोखंडी तलवार दिली जात नसे. दुप्पट वजनाची लाकडी तलवार व वेताची ढाल देऊन जमिनीत रोवलेल्या खांबावर सराव करवून घेत. म्हणजे लाकडी तलवार ही तडजोड नव्हे. तीही अस्सल रोमन साहित्यच आहे.

मांजरपाटाचे मात्र तसे नाही. तो बदल आहे आणि तो बदल म्हणूनच सांगितला पाहिजे. ढालीच्या मागील बाजूस मूळ नमुना कोणता, काय बदलले, कोणत्या वर्षी घडवली, एवढे लिहून ठेवावे. बँकेत ‘खरी प्रत’ असा शिक्का मारलेली झेरॉक्स चालते. तीच मूळ दस्तऐवज म्हणून पुढे केली, तर फसवणूक ठरते. कागद तोच, यंत्र तेच, फरक केवळ कबुलीचा. नोंद नसलेली उत्तम प्रतिकृती वीस वर्षांनी कोणाच्या तरी हाती ‘पुरातन वस्तू’ म्हणून विकली जाऊ शकते, आणि ती विकत घेणाराही कोणाचा तरी विश्वासू ग्राहकच असतो.

मुलांनी ढाल घडवताना इतिहास शिकावाच. पण मागची ती चार ओळींची नोंद त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहावी. मालाचे वर्णन खरे असावे, हा पेढीवरचा पहिला धडा तिथेच गिरवला जाईल.