१४५६७ : ज्येष्ठ नागरिक आणि शासकीय सेवा यांच्यातील दुवा

ज्येष्ठ नागरिकांना आरोग्यसेवा, निवृत्तीवेतन, कायदेशीर मार्गदर्शन आणि निवारा यांविषयीची मदत एकाच ठिकाणाहून मिळावी, या हेतूने केंद्रीय सामाजिक न्याय आणि सक्षमीकरण मंत्रालयातर्फे ‘एल्डरलाइन’ ही राष्ट्रीय हेल्पलाइन चालविली जाते. १४५६७ हा तिचा निःशुल्क क्रमांक असून सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत त्यावर संपर्क साधता येतो. हेल्पलाइनचे इंग्रजी नाव खेड्यातील आजी-आजोबांच्या लक्षात राहणे अवघड असले, तरी क्रमांक मात्र सुटसुटीत आहे. एक ते सात हे अंक क्रमाने म्हणावेत आणि त्यातून दोन व तीन वगळावेत.

या सेवेचा प्रारंभ दिल्लीत झालेला नाही. टाटा न्यासाने विजयवाहिनी चॅरिटेबल फाउंडेशन आणि तेलंगण शासन यांच्या सहकार्याने २०१७ मध्ये हैदराबाद येथे अशी पहिली हेल्पलाइन सुरू केली. पुढे कोविड साथीच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या मे महिन्यात उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, तामिळनाडू आणि कर्नाटक या राज्यांत ती कार्यान्वित झाली होती. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार १७ राज्यांत केंद्रे उघडली गेली होती. त्याआधीच्या चार महिन्यांत दोन लाखांहून अधिक दूरध्वनी आले आणि ३० हजारांहून अधिक ज्येष्ठांना सेवा देण्यात आली, असेही त्यात नमूद होते. प्रत्येक राज्याचे केंद्र वेगळे असून संवाद त्या त्या राज्याच्या भाषेत होतो. महाराष्ट्रातील केंद्राचे काम पुण्याच्या जनसेवा फाउंडेशनकडे सोपविण्यात आले.

अशा सेवेची गरज का भासली, याचे उत्तर ज्येष्ठांच्या संख्येत जेवढे आहे, त्याहून अधिक त्यांच्यापर्यंत न पोहोचलेल्या माहितीत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिक १० कोटी ३८ लाख होते. म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. २०५० पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे जाईल, असा अंदाज संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालात वर्तविण्यात आला आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजनेची माहिती सुमारे ५५ टक्के ज्येष्ठांना असल्याचे दिसले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये संमत झालेला अधिनियम मात्र जेमतेम १२ टक्के ज्येष्ठांना ठाऊक होता. कायदा होऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती.

एल्डरलाइनवर चार प्रकारची मदत अपेक्षित आहे : माहिती, मार्गदर्शन, भावनिक आधार आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन हस्तक्षेप. वरवर पाहता यांतील माहिती देण्याचे काम सर्वांत सोपे वाटते. प्रत्यक्षात तेच किचकट आहे, कारण ज्येष्ठांची एकच अडचण अनेक कार्यालयांत विखुरलेली असते. बँकेत निवृत्तीवेतन जमा होणे थांबले, एवढीच तक्रार घ्या. त्यामागे बहुधा हयातीचा दाखला वेळेवर सादर न होणे हे कारण असते. हा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. केंद्रीय निवृत्तीवेतनधारकांपैकी ८० वर्षांवरील व्यक्तींना तो १ ऑक्टोबरपासून देण्याची मुभा २०१९ मध्ये मिळाली. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही अंगठ्याच्या ठशावर आधारित पद्धत आली. परंतु आयुष्यभर कष्ट केलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटलेले दिसेनात, तेव्हा २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय करण्यात आली. पोस्टमन घरी येऊन अल्प शुल्कात हा दाखला करून देतो, ही सुविधाही २०२० पासून उपलब्ध आहे. यांपैकी कोणता मार्ग आपल्याला लागू आहे, हे अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला कोणीतरी सांगावे लागते.

रुग्णालयाच्या खर्चाबाबतही असेच आहे. ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली प्रतिवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतचे कुटुंबनिहाय संरक्षण देण्याची घोषणा झाली आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘वय वंदना’ कार्डांचे वितरण सुरू झाले. हे संरक्षण रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. दरमहा लागणारी मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे त्यातून मिळत नाहीत. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातील ज्येष्ठांच्या बाह्यरुग्ण विभागाची वाट धरावी लागते. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला, तेव्हा अशा विभागांची आणि जिल्हा पातळीवर दहा खाटांच्या कक्षाची तरतूद करण्यात आली होती. ज्याच्या हाती कार्ड आहे, त्याला हा फरक औषधाच्या दुकानात कळण्याऐवजी दूरध्वनीवर कळला, तर एक फेरी तरी वाचते.

हेल्पलाइनची खरी कसोटी कौटुंबिक तक्रारींत लागते. मुलांकडून होणारी हेळसांड किंवा मारहाण बोलून दाखविणे ज्येष्ठांना, विशेषतः मातांना, अपराधासारखे वाटते. दूरध्वनी करून नंतर ‘मुलाला काही सांगू नका’ अशी गळ घालणे, हे या पिढीच्या मनाला धरूनच आहे. कायद्याने मात्र यासाठी पोलीस ठाणे किंवा दिवाणी न्यायालय याहून सौम्य मार्ग दिलेला आहे. २००७ च्या अधिनियमाखाली उपविभागीय पातळीवर न्यायाधिकरण असते. महाराष्ट्रात हे काम प्रांताधिकाऱ्यांकडे आहे. अर्ज ज्येष्ठ व्यक्तीने स्वतः करावा; ती असमर्थ असल्यास तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. हेल्पलाइनने जोडून दिलेली स्थानिक स्वयंसेवी संस्था येथे उपयोगी पडते. प्रकरण आधी समेट अधिकाऱ्याकडे पाठविता येते. वकील लावण्याची आवश्यकता नसते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवसांत, निर्वाह भत्त्याच्या अर्जाचा निकाल लागावा, असे बंधन आहे. मूल नसलेल्या ज्येष्ठांनाही त्यांची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे अथवा वारशाने जाणार आहे, त्याच्याकडे चरितार्थ मागता येतो.

घर मुलाच्या नावे करून दिल्यावर आई-वडिलांनाच त्या घरात जागा उरली नाही, अशी प्रकरणे न्यायालयांपुढे वारंवार आली आहेत. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले बक्षीसपत्र ती अट मोडल्यास रद्द ठरविता येते, अशी तरतूद कलम २३ मध्ये आहे. हा कायदा ज्येष्ठांच्या कल्याणासाठी असल्याने या कलमाचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी दिलेल्या निकालात स्पष्ट केले. निर्वाह भत्त्याची दरमहा दहा हजार रुपयांची कमाल मर्यादा मात्र अधिनियमात तशीच आहे. ती काढून टाकणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले होते. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्याने ते व्यपगत झाले.

येथपर्यंत हेल्पलाइनचे काम पत्ता दाखविण्याचे आहे. अडचण सुरू होते ती त्या पत्त्यावर काहीच नसते तेव्हा. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेले एक वृद्धाश्रम, असा उल्लेख याच अधिनियमात आहे. पण त्याची शब्दरचना ‘राज्य शासन स्थापन करू शकेल’ अशी आहे, ‘स्थापन करील’ अशी नाही. या एका क्रियापदामुळे रात्री बसस्थानकावर सापडलेल्या आजोबांना कोठे न्यायचे, हा प्रश्न हेल्पलाइनच्या क्षेत्रीय अधिकाऱ्यापुढे उभा राहतो आणि तो बहुधा खासगी संस्थांच्या भल्या माणसांवर विसंबून सुटतो. निवृत्तीवेतनाचेही तसेच. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना केंद्राकडून मिळणारा हिस्सा ६० ते ७९ या वयोगटासाठी दरमहा २०० रुपये आणि त्यापुढे ५०० रुपये इतकाच आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ सेवा योजनेची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये करण्यात आली. तहसील कार्यालयात अर्ज कसा करावा, हे हेल्पलाइनवरून सांगता येते. रक्कम वाढविणे तिच्या हाती नाही.

वेळेची मर्यादाही ध्यानात घेण्याजोगी आहे. रात्री आठनंतर ही सेवा बंद होते आणि एकाकीपणाचा त्रास असो वा घरातील भांडण, दोन्ही रात्रीच वाढतात. त्या वेळी तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि मानसिक आधारासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते. ज्येष्ठांच्या कायद्याखालील नमुना नियमांत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी आणि पोलीस प्रतिनिधीने समाजसेवकासह महिन्यातून एकदा तरी त्यांची भेट घ्यावी, असेही म्हटले आहे. आपले नाव त्या यादीत आहे काय, हे जवळच्या ठाण्यात विचारण्यास हरकत नाही.

नोकरीनिमित्त बंगळूर, हैदराबाद किंवा इंदूर येथे राहणाऱ्या आणि गावी आई-वडील असणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केंद्रे राज्यनिहाय असल्याने बोलण्याच्या सुरुवातीसच ज्येष्ठ व्यक्ती कोणत्या राज्यात, जिल्ह्यात आणि तालुक्यात आहे ते सांगणे सोयीचे ठरते. तिचे वय, सुरू असलेली औषधे आणि शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक जवळ असावा. रस्त्यावर बेवारस अवस्थेत दिसलेल्या वृद्धासाठी त्रयस्थ व्यक्तीनेही हा क्रमांक फिरवावा. मात्र जागेची ठळक खूण सांगावी आणि शक्य असल्यास मदत येईपर्यंत तेथेच थांबावे, कारण अशी व्यक्ती तासाभरात दुसरीकडे निघून गेलेली असू शकते.