झाकलेल्या चेहऱ्याचं बोलणं

साथींनी माणसांच्या एकमेकांशी वागण्यात काय बदललं, हे तपासणाऱ्या या लेखमालेत गेल्या आठवड्यात आपण अंतराचा विचार केला. या वेळी मास्कचा करू. करोनाच्या काळात मास्कविषयी दोन तक्रारी सतत ऐकू येत. एक अशी की, मास्कने माणसं मुकी करून टाकली. समोरचा हसतोय की रागावलाय, हेही कळेनासं झालं. दुसरी अशी की, लोकांनी मास्कचीही फॅशन केली. साडीला जुळणारे मास्क शिवले, त्यांवर घोषणा छापल्या, आणि एवढी माणसं जात असताना हा थिल्लरपणा शोभत नाही. या दोन तक्रारी एकाच तोंडून येत, पण त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध फारसा कुणी पाहिला नाही. माझं म्हणणं असं की, दुसऱ्या तक्रारीत जिला थिल्लरपणा म्हटलं, ती पहिल्या तक्रारीतल्या तोट्याची भरपाई होती. भरपाई अपुरी होती हे खरं, आणि ती कुठे अपुरी पडली हेच या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं आहे.

आधी तोटा नीट मोजू. जर्मनीतल्या बांबेर्ग विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ क्लाउस-क्रिस्टियान कार्बोन यांनी २०२० मध्ये लोकांना मास्क लावलेल्या आणि न लावलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवून भाव ओळखायला सांगितलं. मास्क आल्यावर आनंदी आणि दुःखी चेहरे अनेकांना निर्विकार वाटले, किळस रागासारखी दिसली. भीती मात्र तशीच ओळखू आली, कारण ती डोळ्यांत दिसते. त्याच वर्षी अमेरिकेत सात ते तेरा वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात मुलांच्या चुका वाढल्या खऱ्या, पण तरीही ती नुसत्या अंदाजापेक्षा बरीच अधिक अचूक ठरली. आणि गॉगल लावलेल्या चेहऱ्यांनी मुलांना जवळपास तेवढंच अडवलं. शिवाय चेहरा कुठे वाचायचा, ही सवयही सगळीकडे सारखी नसते. मासाकी युकी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं होतं की, जपानी लोक भाव ओळखताना डोळ्यांवर अधिक भर देतात आणि अमेरिकी लोक तोंडावर. तेव्हा ‘माणसं मुकी झाली’ हे अतिशयोक्तीचं आहे. गेलं ते वेगळंच. हसू हे बहुतेक वेळा उत्तर असतं: समोरच्याच्या बोलण्यावर, त्या क्षणी, त्याच्यापुरतं आलेलं. ते आपण ठरवून देत नाही. मास्कने प्रामुख्याने ही न ठरवलेली देवाणघेवाण अडवली.

तिच्या जागी ठरवून केलेलं बोलणं आलं, आणि ते करोनापेक्षा बरंच जुनं आहे. १९१०च्या अखेरीस मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ पसरली, तेव्हा पेनांगमध्ये जन्मलेल्या आणि केंब्रिजमध्ये शिकलेल्या डॉ. वू ल्येन-तेह यांना हार्बिनला पाठवण्यात आलं. हा प्लेग उंदीर-पिसवांच्या वाटेने नाही, तर श्वासातून माणसाकडून माणसाकडे जातो, असं त्यांचं निदान होतं. म्हणून त्यांनी जाळीदार सुती कापडाच्या थरांत कापूस घालून केलेला मास्क सर्वांना वापरायला लावला. ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर मेनी यांना हे निदान पटलं नाही. ते मास्कविना रुग्ण तपासायला गेले आणि थोड्याच दिवसांत, जानेवारी १९११ मध्ये, त्याच प्लेगने दगावले. हार्बिनमध्ये मास्क लावणं म्हणजे वू यांचं म्हणणं मान्य करणं होतं, आणि न लावणं म्हणजे ते नाकारणं. साथीतला मास्क असा पहिल्यापासूनच मतप्रदर्शन करत आला आहे. नुसता कापडाचा तुकडा तो कधीच नव्हता.

यावर आक्षेप येतो की, जी वस्तू सक्तीने लावावी लागते ती अभिव्यक्ती कशी? पण सगळ्यांना एकच गोष्ट करावी लागते, तेव्हा ती कोण कशी करतो याकडे उलट जास्त लक्ष जातं. सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्टोबर १९१८ मध्ये मास्क सक्तीचा झाला. पुढच्याच महिन्यात महापौर आणि आरोग्याधिकारी बॉक्सिंगच्या सामन्यात उघड्या तोंडाने बसलेले छायाचित्रात दिसले आणि दोघांनाही दंड भरावा लागला. नियम करणाऱ्यांचे उघडे चेहरे शहराला जे सांगून गेले ते कुठलंही भाषण सांगू शकलं नसतं. मार्च २०२० मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्राध्यक्ष झुझाना चापुतोव्हा नव्या सरकारच्या शपथविधीला पोशाखाच्या रंगाचाच मास्क लावून आल्या. त्या जुळणीत प्रतिष्ठा न गमावता नियम पाळता येतो हे सांगणं होतं, आणि युरोपात मास्कची सवय जवळपास नसताना ते सांगणं गरजेचं होतं. त्याच वर्षी यूएस ओपनमध्ये टेनिसपटू नाओमी ओसाका सात सामन्यांना सात मास्क लावून उतरली. प्रत्येकावर वंशभेदाच्या हिंसेत मारल्या गेलेल्या एका कृष्णवर्णीय व्यक्तीचं नाव होतं. अंतिम सामन्यानंतर तिला विचारलं गेलं की, यातून काय संदेश द्यायचा होता. तिने उलट विचारलं की, तुम्हाला कुठला संदेश मिळाला? हा प्रतिप्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण मास्कवर काय लिहायचं हे लावणारा ठरवतो, पण त्याचा अर्थ पाहणारा लावतो. त्याच अमेरिकेत अनेक कृष्णवर्णीय पुरुषांनी उघड सांगितलं की, तोंडाला रुमाल बांधून दुकानात शिरलो तर आपल्याला दरोडेखोर समजतील. काहींनी म्हणून मुद्दाम फुलाफुलांचं कापड निवडलं. त्यांच्यासाठी मास्कची नक्षी जीव वाचवण्याचा मार्ग होती.

आपल्याकडे मुंबईत ८ एप्रिल २०२० रोजी मास्क बंधनकारक झाला आणि पाहता पाहता बचत गटांच्या बायकांनी शिवलेले मास्क, वारली चित्रांचे मास्क, पैठणीच्या काठाचे मास्क दिसू लागले. मोजक्या माणसांत लागलेल्या लग्नांत नवरीच्या शालूला जुळणारा मास्क असे. त्यावर टीका झाली, पण मोडलेल्या वर्षातही हा दिवस आम्ही साजरा करतो आहोत, एवढंच ती जुळणी सांगत होती. यात मृतांचा अनादर मला दिसत नाही. मर्यादा होती ती वेगळ्या ठिकाणी. पिंपरी-चिंचवडमधल्या एका गृहस्थांनी जवळपास तीन लाखांचा सोन्याचा मास्क करून घेतला, आणि त्याने विषाणू अडेल की नाही याची खात्री त्यांनाही नव्हती. मास्क बोलायला लागला आणि आपलं काम विसरला, तर टीका रास्तच. कापडाच्या नक्षीपेक्षाही जास्त बोलणारी गोष्ट म्हणजे मास्क लावण्याची तऱ्हा. साहेब आले की हनुवटीवरचा मास्क नाकावर जायचा, साहेब गेले की खाली यायचा. कुणाच्या श्वासाला जपायचं आणि कुणाच्या नाही, याचा हिशेब त्या एका हालचालीत उघडा पडत होता.

ही सगळी भरपाई एकतर्फी आहे, दुकानावरच्या पाटीसारखी: दिवसभर एकच मजकूर, येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांसाठी. ज्याला त्या क्षणी उत्तर हवं असतं, त्याच्या ती उपयोगी पडत नाही. रुग्णालयात हे सर्वांत आधी लक्षात आलं. लायबेरियात इबोलाच्या साथीत मेरी बेथ हेफर्नन या अमेरिकी कलाशिक्षिकेने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षक पोशाखावर त्यांची हसरी छायाचित्रं चिकटवायला सुरुवात केली, आणि २०२० मध्ये स्टॅनफर्डने तीच रीत उचलली. आपल्या कोविड वॉर्डांतही डॉक्टर आणि परिचारिका पीपीई किटवर मार्करने आपलं नाव लिहीत. यातून रुग्णाला समोर कोण आहे ते कळे. पण आपलं ऐकून त्या माणसाला काय वाटलं, ते कळत नसे. कर्णबधिरांच्या बाबतीत तर छापील नाव, चित्र, रंग यांतलं काहीच पुरत नाही. सांकेतिक भाषेत चेहरा हा व्याकरणाचा भाग असतो: भुवयांवरून प्रश्न कळतो, ओठांच्या ठेवणीने खुणेचा अर्थ पालटतो, आणि ओठ वाचणाऱ्याला मास्कमागचा एक शब्दही मिळत नाही. पारदर्शक खिडकीचे मास्क निघाले, पण त्यांवर वाफ धरते, आणि ते सगळीकडे पोहोचलेही नाहीत. महाराष्ट्रातली सक्ती २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला उठली. शस्त्रक्रियागृहात आणि क्षयरोगाच्या वॉर्डात मास्क आजही आहे आणि असायलाच हवा. तिथे दाखल होणाऱ्या कर्णबधिर रुग्णाला डॉक्टर काय म्हणाले हे समजावं, यासाठी पारदर्शक मास्क किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी देण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे, रुग्णाच्या नातेवाइकांची नाही.