घराची घडण – लेखांक नववा : आधी फरशी, की आधी ओटा?

गेल्या लेखांकात भिंतीच्या पोटातून जाणाऱ्या पाण्याच्या व विजेच्या नळ्यांची तजवीज पाहिली. त्या नळ्या बुजवून गिलावा झाला, पाणी दाबाने भरून एक अहोरात्र ठेवल्यावरही कोठे पाझर दिसला नाही, म्हणजे स्वयंपाकघर फरशी आणि ओटा या दोन मोठ्या कामांना मोकळे होते. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहे आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी अशी जी जोडवस्ती एकाच नगरपरिषदेच्या कारभाराखाली नांदते, तिच्यातील जुन्या कौलारू घरांत हा प्रश्न उद्भवतच नसे. जमीन चोपली, शेणाने सारवली, तिच्यावर चूल मांडली की स्वयंपाकघर सिद्ध झाले. उभ्याने रांधण्याचा ओटा आला, त्याखाली ट्रॉल्या आल्या, आणि गवंडी, फरशीवाला, प्लंबर, वायरमन व सुतार या पाच कारागिरांपैकी कोणी कोणाच्या मागून यावे हे ठरविण्याचा भार घरमालकावर पडला.

या निर्णयाला एकच आधार पुरेसा आहे : माप नेहमी पूर्ण झालेल्या पृष्ठभागावरून घ्यावे, पूर्ण होणार असलेल्या पृष्ठभागावरून कधीही घेऊ नये. गृहिणीच्या उंचीला मानवेल असा चौतीस इंचांचा ओटा मुक्रर केला आणि तो कच्च्या कोब्यावरून मोजून बांधला, तर नंतर येणारा मसाल्याचा थर व फरशी मिळून अडीच इंच भूमी वर उचलतात, ओटा साडेएकतीस इंचांचा उरतो, आणि त्या घरातील स्त्रीला पुढील पंचवीस वर्षे रोज दोन वेळा कंबरेत वाकून पोळ्या लाटाव्या लागतात. कामाच्या क्रमातील चूक अशी थेट माणसाच्या पाठीवर येऊन बसते, म्हणूनच हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

तेव्हा आधी फरशी. आणि तीही ओट्याची जागा न सोडता भिंतीपासून भिंतीपर्यंत. ओट्याखालची फरशी कोणाला दिसत नाही म्हणून तेवढी वाचवावी असा सल्ला पुष्कळदा मिळतो, परंतु त्यात जी बचत होते तिच्या मोबदल्यात सिंकखाली ओल, वाळवी आणि झुरळे यांना कायमचा आसरा दिला जातो. याला अपवाद एकाच प्रकारच्या जमिनीचा : लाकडी वा लॅमिनेटच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून, खाली न चिकटविता अंथरतात ती जमीन. ती हवेतील आर्द्रतेप्रमाणे पसरते व आकसते. तिच्यावर जड कपाटे उभी केली तर ती खिळून जाते आणि मध्येच फुगवटा धरते. तेथे कपाटे आधी व पट्ट्या मागून, आणि कडेला बोटभर मोकळीक, हाच न्याय. आपल्याकडे स्वयंपाकघरात अशी जमीन करूच नये, असे माझे मत आहे.

फरशी दोन-तीन दिवस पाय न लावता मुरू द्यावी, तिच्यावर गोणपाट व प्लायचे तुकडे अंथरावेत, आणि मग कडप्प्याचे उभे दगड रोवून ओटा बांधावा. ओट्यावरचा ग्रॅनाइट बसला की मगच भिंतीवरच्या टाइल्स, म्हणजे डॅडो, लावावा. कारण टाइलची खालची कड दगडावर टेकलेली असली म्हणजे भिंतीवरून ओघळणारे पाणी दगडावर पडते, उलट क्रमाने केल्यास ते दगडाच्या मागच्या फटीत शिरते. सुताराला मापासाठी बोलवावयाचे ते या सर्वांच्या नंतर. टाइल व तिचा मसाला प्रत्येक बाजूने पाऊण इंच जागा खातात, म्हणजे दोन भिंतींमध्ये बसावयाच्या कपाटाचे माप दीड इंचाने चुकते, आणि तेवढ्याने कोपऱ्यातली ट्रॉली उघडेनाशी होते.

१९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी जे आटोपशीर स्वयंपाकघर आखले, आणि ज्याच्या सुमारे दहा हजार प्रती बसविल्या गेल्या, तेथे भिंत आणि कपाट दोन्ही एकाच नकाशातून निघाली होती, त्यामुळे कारखान्यातली मापे जागेवर जुळत. आपल्या जांभ्याच्या वा विटांच्या भिंती गुण्यात क्वचितच असतात. वर एक माप, खाली दुसरे. म्हणून प्रत्येक रुंदी तीन ठिकाणी मोजून त्यांतील सर्वांत लहान माप धरावे, आणि उरलेली फट पट्टीने झाकावी.

आता पंचांगाचा विचार. रायगड जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत. ही हवा सिमेंटाला मानवते, लाकडाला नव्हे. घराच्या आत लावलेल्या फरशीचा मसाला पावसाळ्यात सावकाश सुकतो, म्हणून घट्ट होतो. परंतु श्रावणात फुगलेल्या लाकडी दारावर रंधा मारून ते नेमके बसविले, तर मार्गशीर्षात ते सैल पडते. पेण-रोह्याच्या बाजूला मात्र प्रत्येक घरमालकाची मुदत एकच असते : गणपतीपूर्वी सर्व आटोपावे. ही मुदत मोडा असे मी म्हणणार नाही. तिची वाटणी करा असे म्हणेन. फरशी, ओटा, डॅडो आणि नळ चतुर्थीच्या आत पूर्ण करावेत, मोदकांची उकड नव्या ओट्यावर निघू द्यावी, आणि कडप्प्याच्या खणांना तेवढे दिवस साधा पडदा लावावा. दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर, सुताराने मापे घ्यावीत. त्याला प्लाय सांगताना भारतीय मानक ७१० चा, म्हणजे मरीन दर्जाचा, शिक्का पाहून घ्यावा. भुशाचे दाबलेले तक्ते सिंकखाली या हवेत टिकत नाहीत.

प्रत्येक कारागिराशी ठराव करताना हा क्रम कागदावर उतरवावा, आणि मजुरीचा हप्ता दिवसांवर न ठरविता आधीच्या टप्प्याच्या तपासणीवर ठरवावा : फरशीवर पाणसळ ठेवून व नाण्याने ठोकून पोकळ आवाज येतो का हे पाहिल्यावाचून ओट्याची पेशगी देऊ नये. फरशीची एक पेटी, त्याच खेपेतली, जास्तीची घेऊन माळ्यावर ठेवावी, कारण पुढच्या खेपेत रंगाची छटा तीच मिळेल याची शाश्वती दुकानदारही देत नाही.

मोरीच्या उताराचा विचार पुढील लेखांकात करू.