ड्रिफ्टिंगसाठी सस्पेन्शन लावताना: नवशिक्याची गाडी आणि नवशिक्याचा प्रयोग

गाडी मुद्दाम आडवी चालवायची. मागची चाकं घसरत ठेवायची, स्टिअरिंग वळणाच्या उलट दिशेला धरायचं, आणि तरीही वळण पूर्ण करायचं. याला ड्रिफ्टिंग म्हणतात. १९७० च्या दशकात जपानमध्ये कुनिमित्सु ताकाहाशी या रेसरमुळे ही शैली लोकांच्या नजरेत आली आणि पुढे केइची त्सुचियाने ती घरोघरी पोहोचवली. आजही फुकुशिमा प्रांतातल्या एबिसू सर्किटवर लोक हे शिकायला जातात, आणि शिकण्यासाठी जुनी निस्सान सिल्व्हिया ही वर्षानुवर्षं आवडती गाडी राहिली आहे: इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना.

नवशिक्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "स्प्रिंग किती कडक घालू?" तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर हा प्रश्न तुम्हाला ओळखीचा वाटायला हवा. कारण त्याच्या आत दुसरा प्रश्न दडलाय: मी काहीतरी बदललं आणि निकाल सुधारला, तर तो त्या बदलामुळेच सुधारला हे कशावरून?

आधी थोडं शास्त्र बघू.

टायर आणि वजन

वळताना टायर ज्या दिशेला तोंड करून असतो आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातो, त्या दोन दिशांत थोडा कोन पडतो. त्याला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढवला की बाजूची पकड सुरुवातीला वाढते, काही अंशांवर कळस गाठते आणि मग हळूहळू उतरते. ड्रिफ्टमध्ये मागचे टायर या कळसाच्या पलीकडे असतात. म्हणून ती अवस्था तळहातावर उभ्या धरलेल्या काठीसारखी आहे. तोल असतो, पण सतत सांभाळावा लागतो.

आता वजन. १२०० किलोची गाडी धरा. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५ मीटर उंच, डाव्या-उजव्या चाकांत १.५ मीटर अंतर, आणि वळताना बाजूचं त्वरण ०.८ जी. तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार होतो १२०० × ०.८ × ०.५ ÷ १.५, म्हणजे ३२० किलो. या गणितात स्प्रिंग कुठे आहे? कुठेच नाही! "कडक स्प्रिंग घातली की वजन कमी सरकतं" हे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य चूक आहे. गाडी कमी झुकते हे खरं, पण भार जवळपास तेवढाच सरकतो.

मग स्प्रिंग आणि अँटी-रोल बार करतात काय? ते हा ३२० किलोंचा भार पुढच्या आणि मागच्या जोडीत वाटतात. ज्या बाजूचं सस्पेन्शन जास्त कडक, तिच्या वाट्याला जास्त.

आणि या वाटणीने फरक पडतो, कारण भार दुप्पट केला तरी टायरची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. समजा मागच्या दोन चाकांवर ३००-३०० किलो आहे आणि मिळून ६०० किलोंइतकी पकड मिळतेय. १६० किलो एकीकडून दुसरीकडे सरकले, तर चाकांवर ४६० आणि १४० राहतील. जड चाकाची पकड समजा ४२३, हलक्याची १४४. बेरीज ५६७. एकूण वजन तेच, पकड मात्र घटली. थोडक्यात, मागची बाजू कडक केली की मागची पकड कमी होते, पुढची कडक केली की पुढची.

इथे नवशिक्याची पहिली चूक होते. "मागून घसरायचंच आहे ना, मग मागचं दगडासारखं कडक करू!" गाडी घसरते खरी, पण थांबत नाही, गरगर फिरते. ड्रिफ्टमध्ये मागच्या टायरने बाजूला घसरायचंही असतं आणि गाडी पुढेही ढकलायची असते. म्हणून मागे थोडं मऊ आणि अंदाज येईल असं सस्पेन्शन शिकणाऱ्याला जास्त उपयोगी पडतं.

कॅम्बर, कॅस्टर, टो

ड्रिफ्टच्या गाड्यांची पुढची चाकं वरून आत कललेली दिसतात. हा निगेटिव्ह कॅम्बर. तो शोभेसाठी नसतो. उजवं वळण घेताना भार डाव्या पुढच्या चाकावर असतो, पण ड्रिफ्टमध्ये तेच चाक डावीकडे वळवलेलं असतं. कॅस्टरमुळे, म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष मागे कललेला असल्यामुळे, अशा वेळी ते चाक वरून बाहेर कलू लागतं आणि टायर एका कडेवर येतो. आधीच आत कललेलं चाक असेल तर ही भरपाई होते. कॅस्टरचा फायदाही आहे: गाडी आडवी झाली की पुढची चाकं आपणहून प्रवासाच्या दिशेकडे वळतात आणि स्टिअरिंग हातातल्या हातात फिरतं.

शिकणाऱ्यासाठी सुरुवातीची मांडणी साधारण अशी ठेवता येते:

- आधी बुश, शॉकअब्सॉर्बर आणि बॉल जॉइंट धड आहेत का ते तपासा. ढिल्या गाडीवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे वाळूवर मारलेली रेघ.
- पुढचा कॅम्बर उणे २ ते ३ अंश, कॅस्टर ६-७ अंशांच्या आसपास, टो शून्य किंवा किंचित बाहेर.
- मागचा कॅम्बर शून्य ते उणे १ अंश, टो शून्य किंवा किंचित आत.
- डॅम्पर मधल्या खुणेवर. अँटी-रोल बार मूळचेच.

हे आकडे म्हणजे सुरुवातीची जागा. उत्तर तिथून पुढे शोधायचं.

खरी गोम

आता प्रयोग करा. ओल्या मोकळ्या पटांगणावर एक गोल आखा आणि १० फेऱ्या मारा. समजा ३ फेऱ्यांत ड्रिफ्ट टिकली. मग मागचा अँटी-रोल बार बदलला आणि १० पैकी ६ टिकल्या. झालं सिद्ध?

नाही. मधल्या वेळात टायर तापले, झिजले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ड्रायव्हर शिकला! नवशिक्याच्या बाबतीत हा शेवटचा परिणाम गाडीतल्या कुठल्याही बदलापेक्षा मोठा असू शकतो. म्हणून जुना बार परत लावा आणि पुन्हा १० फेऱ्या मारा. आता ३ च्या आसपास आलात तर बारचा काहीतरी हात आहे. पुन्हा ६ आल्या, तर सुधारलात तुम्ही, गाडी नाही. तिसरी पायरी कंटाळवाणी असते आणि नेमकी तीच गाळली जाते.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी गाडीच्या मॉडेलमध्ये स्प्रिंग, डॅम्पर आणि टायरचा दाब असं तिन्ही एकदम बदललं. आलेख सुरेख आला. सरांनी एवढंच विचारलं, "यातलं कशामुळे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन आठवड्यांचं काम पुन्हा केलं, आणि त्या तिघांपैकी एक बदल उलट नुकसान करत होता हे तेव्हा कळलं.

हा विषय केवळ हौसेचा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१५ मध्ये मार्टी नावाची, इलेक्ट्रिक केलेली डिलोरियन ड्रायव्हरशिवाय ड्रिफ्ट करू लागली. २०२४ मध्ये टोयोटाच्या संशोधन संस्थेने स्टॅनफर्डबरोबर दोन स्वयंचलित सुप्रा एकमेकींच्या मागे ड्रिफ्ट करून दाखवल्या. हेतू हा की पाण्यावर किंवा बर्फावर गाडी घसरली तर पकडीच्या पलीकडेही संगणकाला ती सांभाळता यावी. नियंत्रक तोच ठेवला तर "ड्रायव्हर शिकला" ही अडचण अशा प्रयोगातून बाजूला काढता येते. टायर मात्र तिथेही तापतात.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत ताकद पुढच्या चाकांना असते, त्यामुळे हे सगळं घरच्या गाडीवर आणि घाटात करून बघायचा मोह टाळा. बंद ट्रॅक आणि जाणकार माणूस सोबत हवाच. पण तुम्ही बाहा किंवा फॉर्म्युला भारतच्या टीममध्ये असाल, तर पुढच्या टेस्टिंगला वहीत चार रकाने आखा: काय बदललं, काय होईल असं वाटलं, काय झालं, आणि जुनं परत लावल्यावर काय झालं. दुसरा रकाना गाडी सुरू करण्याआधी भरायचा. चौथा रिकामा राहिला असेल, तर तिसऱ्यावरून निष्कर्ष काढू नका.