जपान लांब आहे, कोयना नाही!
भूकंप म्हटलं की आपल्याला २०११ चं जपान आठवतं. गावात घुसणारा तो समुद्र! मी मूळची कराडची. आमच्या सातारा-सांगलीला समुद्रच नाही, त्यामुळे त्सुनामीचं नो टेन्शन. पण भूकंप? तो तर घरचाच!

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, हजारो बेघर झाली. कोयनेची वीज बंद पडली आणि पार मुंबईतले कारखाने थांबले.

शास्त्रज्ञ बोट दाखवतात ते धरणाच्या पाण्याकडे. शिवसागराचं पाणी खोल भेगांत झिरपतं, दाब वाढतो आणि आधीच ताणलेले खडक सरकतात. सांगलीत चांदोलीचं वारणा धरण भरल्यावर, १९९३ पासून तिथेही धक्के वाढले.

पाटणची माझी मावशी धक्का बसला की गॅस बंद करते आणि पुन्हा टीव्ही लावते. ही सवयच डेंजर! कारण जीव घेतात त्या मातीत रचलेल्या जड दगडी भिंती.

तेव्हा गावच्या घरावर मजला चढवताय? टाइल्स नंतर निवडा. आधी इंजिनीअरला विचारा, ‘सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा आहे ना?’